वर्गातलं नाक

“मगदूम मॅडम, एक लक्षात ठेवा. परिषदेत साहेबांना पहिलं बोलू द्यायचं नाही. साहेब बोलून गेले की पुढं कुणाला काही सुचत नाही, आणि ज्याला सुचतं तो गप्प बसतो.”

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाची किल्ली माझ्या हातात ठेवताना खोत सर असं म्हणाले होते. ते माझ्या आधीचे केंद्रप्रमुख. आसपासच्या गावांतल्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं. त्या शाळांच्या शिक्षकांना महिन्यातून एकदा एकत्र बसवायचं आणि शिक्षण परिषद घ्यायची, हे केंद्रप्रमुखाचं काम. माझा आवाज मुळात लहान. माइक लावला तरी मागच्या रांगेतून “मॅडम, आवाज” अशी हाक ठरलेली. तरी मला परिषद घ्यायला मनापासून आवडतं. सतरंज्या, चहा, फळ्यावरचं सुवासिनीच्या रांगोळीसारखं अक्षर, उशिरा येणाऱ्यांची कारणं, सगळंच आवडतं.

त्या वर्षी मात्र काम मोठं आलं. पाच तालुक्यांची मिळून विभागीय परिषद आमच्याकडे द्यायचं ठरलं. विषय होता विद्यार्थ्यांची उपस्थिती. उपसंचालक साहेब येणार, शेवटी ठराव होणार, आणि जूनपासून तो ठराव पाचही तालुक्यांतल्या शाळांना लागू होणार. ते पत्र वाचल्यावर बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवासमोर बसूनही माझ्या मनात मांडवच उभा राहत होता.

विषय आमच्याकडे येण्याला कारण होतं. आमचा सगळा पट्टा द्राक्षांचा. छाटणीपासून अधूनमधून, आणि जानेवारीत माल उतरायला लागला की रोजच, बायकांना न्यायला बागांच्या गाड्या पहाटेच दारात येतात, आणि शाळेतले बाक रिकामे व्हायला लागतात. हजेरी आता दारातला कॅमेराच घेतो. पण तो आलेल्या पोराला मोजतो. न आलेलं का आलं नाही, हे त्याला कुठून कळणार? या प्रश्नाला उत्तर सापडलंय असं त्या वर्षी आम्हाला वाटत होतं. ते उत्तर करोलवाडीच्या शाळेत चौथीच्या भिंतीवर टांगलेलं होतं, आणि ते तयार केलं होतं माझ्या भाच्यानं.

सन्मती माझ्या भावाचा मुलगा. लहानपणी आमटीच्या वाफेवर नाक धरून आज मीठ कमी आहे म्हणायचा आणि सगळ्यांत स्वतःचं हसं करून घ्यायचा. आता पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत गंध ओळखणारी यंत्रं बनवतो. जूनमध्ये तो करोलवाडीत आला, भिंतीवर एक पांढरी डबी बसवली आणि प्रत्येक बाकाच्या आणि गुरुजींच्या टेबलाच्या कडेला बाटलीच्या बुचाएवढं एक टोपण स्क्रूनं पक्कं केलं. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाक करून टाकलं.

त्यानं मला ते समजावलं तेव्हा आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. आपण सोडलेल्या श्वासात शेकडो वायूंचे अंश असतात. शरीरात काही बदललं की त्यांचं प्रमाणही बदलतं. त्या टोपणात नखाहून लहान चकती आहे, तिच्यावर टंगस्टनच्या ऑक्साइडचा पातळ थर. वायूचे कण त्या थराला भेटले की त्यातून वीज वाहण्यात बारीकसा फरक पडतो. माणसाला तो कळणार नाही, पण मोजता येतो. पुढचं काम संगणकाचं. त्याला रोज सकाळची हवा दाखवायची आणि दुसऱ्या दिवशीची हजेरीही दाखवायची. असं करत करत तो स्वतःच शिकतो, की बाकाजवळ अशी हवा असली तर उद्या तो बाक रिकामा. तसं दिसलं की टोपणावरचा बारीक दिवा हिरव्याचा लाल होतो.

“म्हणजे कुठल्या वायूमुळं, ते त्याला माहीत असतं?” मी विचारलं.

“त्याला नावं कळत नाहीत आत्या. त्याला नुसत्या खुणा कळतात.”

ती खूण कशाची, याचा अंदाज कंपनीनं बांधला. ताप यायच्या आधी शरीरात ज्या घडामोडी होतात त्यांची ती खूण असणार. आज लाल दिवा, उद्या पोर आजारी, म्हणून गैरहजर. पटण्यासारखंच होतं. आणि नाकाचं भाकीत इतकं बरोबर येत होतं, की दिवाळीनंतर आम्ही सगळेच त्याच्या प्रेमात पडलो. दुसऱ्या केंद्रांतले शिक्षक गाड्या करून बघायला यायचे. मी त्यांना वर्गात न्यायची, आणि माझा आवाज त्या दिवसांत जरा मोठा होत असावा, कारण “आवाज” म्हणून कुणी ओरडलं नाही.

मग कंपनीच्या सूचनेवरून नियम आला. ज्या बाकाचा दिवा लाल, त्या पोराला परिपाठ झाला की घरी पाठवायचं. दोन दिवस विश्रांती. त्याला आरोग्य रजा म्हणायचं आणि ती गैरहजेरीत धरायची नाही. साथ पसरायची नाही, आणि हजेरीचा आकडाही वर जाईल. आकडा खरोखरच वर गेला. हाच नियम आता ठराव होऊन सगळीकडे जाणार होता.

करोलवाडीच्या चौथीत काजल वाघमोडे नावाची मुलगी होती. चुणचुणीत, फळ्यावर गणित पडलं की हात वर. जानेवारीपासून तिचा दिवा सारखा लाल व्हायला लागला. तिला घरी पाठवलं की ती दप्तर उचलून निमूट जायची. पोरं तिला लाल काजल म्हणू लागली. फेब्रुवारीत ती यायचीच बंद झाली. तिच्या नावापुढं रजा लागत राहिली, आणि कागदावर ती शाळेतच होती.

मार्च लागला, सकाळची शाळा सुरू झाली. परिषद आठवड्यावर आली तेव्हा सन्मती पुण्याहून आला. मांडवात चाळीस बाक मांडून त्यांना टोपणं लावायची आणि नाकाचं प्रात्यक्षिक दाखवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. त्याची तालीम म्हणून करोलवाडीला गेलो. चौथीचे वर्गशिक्षक मुल्ला सर. कोरड्या चेहऱ्यानं विनोद करणारे. मी काजलचा बाक दाखवायला म्हणून त्यावर बसले, आणि काय काय मांडायचं ते बोलत राहिले. थोड्या वेळानं मुल्ला सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, उद्या तुमची रजा.”

खाली बघितलं तर टोपण लाल.

सन्मती हसला. मीही हसले. मला ना ताप होता ना सर्दी. यंत्राला म्हाताऱ्या माणसांची सवय नाही, असं म्हणून तो विषय तिथंच संपला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बसले, पुन्हा लाल. संध्याकाळी सतरंज्या मोजायला म्हणून शाळेत गेले, सहज बसले, तर हिरवा. तिसऱ्या दिवशी सकाळी परत लाल. गैरहजर तर मी एकदाही नव्हते.

माझे काही नियम आहेत. बस्तीत दर्शन घेतल्याशिवाय पाणी घेत नाही. सूर्य मावळल्यावर अन्न नाही. फाल्गुनातलं आमचं अष्टाह्निका पर्व चालू होतं. त्या आठ दिवसांत माझं एकाशन असतं, म्हणजे दिवसातून एकदाच, दुपारी जेवायचं. यात सांगण्यासारखं काही नाही, आमच्या घरात ही रीत चुलीइतकी जुनी आहे. इथं सांगावं लागतंय, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मुल्ला सरांनी खडू ठेवला आणि सन्मतीकडं वळले. यंदा रमजान जानेवारीत आला, तेव्हा माझे रोजे होते, ते म्हणाले. माझ्या टेबलाजवळचं टोपण रोज दुपारनंतर लाल व्हायचं. मी दोनदा तक्रार केली, तुम्ही दोनदा ते बदलून पाठवलं. रोजे संपले आणि ते आपोआप दुरुस्त झालं.

सन्मती माझ्याकडं बघत होता, मुल्ला सरांकडं बघत होता. मग तो पोरांच्या बाकावर मटकन बसला. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी गणित सुटलं की व्हायचे तसेच.

“आत्या, काल तू कधी जेवलीस?”

“दुपारी. तुझ्यासमोरच की.”

“ॲसिटोन,” तो म्हणाला. “ताप नाहीच. ॲसिटोन आहे हे.”

तो फळ्याकडं धावला आणि आम्हा दोघांना चौथीची पोरं समजून शिकवायला लागला. आपण जेवतो, त्यातली थोडी साखर यकृत साठवून ठेवतं. जेवण पचून गेलं की शरीर त्या साठ्यावर चालतं. साठा संपला की चरबी जाळायला घेतं. चरबी जळताना ॲसिटोन तयार होतो आणि श्वासातून बाहेर पडतो. नखांचा रंग पुसायच्या औषधाला येतो तोच हा वास, पण इतका कमी की आपल्याला कळू नये. मोठ्या माणसाचा साठा बराच वेळ पुरतो. लहान मुलाचं यकृत लहान, साठा थोडा, आणि वाढतं डोकं तर सारखी साखर मागतं. रात्री लवकर जेवून झोपलेलं पोर सकाळी तसंच उठून शाळेत आलं, की दहा वाजेपर्यंत त्याचा श्वास माझ्या एकाशनासारखा व्हायला लागतो.

“म्हणजे हे उपाशी पोरं दाखवतंय,” मुल्ला सर म्हणाले.

“तेवढंच दाखवतंय,” सन्मती म्हणाला.

पण मग भाकीत खरं कसं येत होतं? ते आम्हीच बसून लावलं. आई पहाटे बागेच्या गाडीत बसली की सकाळचं खाणं राहतं. ज्या घरात हे आज घडलं, तिथं उद्या धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागणार. ती थोरली पोरगी. उपास आणि गैरहजेरी, दोन्हींचं मूळ एकच गाडी. नाक खोटं बोलत नव्हतं. आणि नियम आल्यापासून तर भाकीत चुकायची सोयच उरली नव्हती, कारण लाल दिव्याच्या पोराला आम्हीच घरी धाडत होतो. खिचडी शिजायच्या आधी.

पुढचे दोन दिवस आम्ही तिघं पोरांसारखे वागलो. मुल्ला सरांनी नाष्टा सोडून बघितला. सन्मतीनं सोडला आणि चिडचिडा झाला. मग एका सकाळी परिपाठाआधी सगळ्या वर्गाला राजगिऱ्याचे लाडू वाटले आणि टोपणांकडं डोळे लावून बसलो. मधली सुट्टी होईस्तोवर लाल दिवे एकेक करत हिरवे होत गेले. मुल्ला सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. मला वाटतं त्यांना कुणी बघू नये असं वाटत होतं. मी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हटला. इतका आनंद मला कधी कुठल्या परिषदेनं दिला नव्हता.

तो आनंद संध्याकाळी फोननं मोडला. सन्मतीनं त्याच्या वरिष्ठांना सगळं कळवलं होतं. उत्तर आलं, की शोध छान आहे, पण ठराव होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तापाची सूचना देणारं यंत्र सरकार घेतं. उपाशी पोरं दाखवणारं यंत्र कोण घेईल? ठराव झाला की जूनमध्ये आतून दुरुस्ती करता येईल.

सन्मती मला हे सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. पाच वर्षं घातलीत यात, तो म्हणाला. आणि जून काही लांब नाही. मग जरा चिडून म्हणाला, “तुझं काय, तू मंडप काढलास की सुटलीस.”

त्याचं म्हणणं अगदीच चूक होतं असंही नाही. पण नियम एकदा पाच तालुक्यांत गेला की तो परत घ्यायला किती परिषदा लागतात, हे मला माहीत होतं. मी एवढंच म्हटलं, की उद्या दुपारी एका ठिकाणी माझ्याबरोबर ये.

काजलचं घर गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला. वर आभाळात फवारणीचे दोन ड्रोन फिरत होते. तिची आई रेश्मा नुकतीच बागेतून परतली होती, हाताला द्राक्षाचा चिकटा तसाच. आम्हाला बघून तिनं घाईनं घोंगडं अंथरलं. काजल दारात भांडी घासत होती, धाकटा भाऊ तिच्या पाठीला लोंबकळत होता. मी रेश्माला हळूहळू सगळं सांगितलं. ताप नव्हता. पोरगी सकाळी रिकाम्या पोटी येत होती, एवढंच.

रेश्माचा चेहरा बदलला. ती उभी राहिली.

“बाई, लाल लागू दे न्हाईतर निळं लागू दे. पर माझं लेकरू उपाशी असतंय असं कुठं लावू नगासा. भाकरी झाकून जाते मी. हिचीच खोड, ती बारक्याला चारती.”

काजल भांडं घासत राहिली.

खरं सांगितलं नाही तर पोरं घरी जाणार. सांगितलं तर या बाईची मान गावात खाली. मी रेश्माचा हात धरून म्हटलं, की काजलचं नाव, तुझं नाव, करोलवाडीचं नाव, काहीही परिषदेत माझ्या तोंडून निघणार नाही. कुणाच्याच पोराचं निघणार नाही. ती खाली बसली, पण तिचा विश्वास बसला असं मला वाटलं नाही.

तेवढ्यात काजलनं सन्मतीला विचारलं, “नाक तुम्ही केलंय?”

तो हो म्हणाला.

“मग त्याला माझाच वास कसा येतोय?”

सन्मतीनं माझ्या भावासारखाच चष्मा काढला. त्यानं तो पुसला, परत पुसला. शाळेत येशील का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, बाकावरचं ते काढलं तर येईन. मग थोडं थांबून म्हणाली, “सगळ्यांच्या म्होरं नको. माझंच काढलं म्हणतील. कुणी नसताना काढा. सगळ्यांचीच काढा.”

“परिषद झाली की त्याच दिवशी काढतो,” तो म्हणाला. “मी स्वतः.”

परतताना माझी स्कूटर तोच चालवत होता. त्या टोपणांवरच तर कंपनीचं सगळं गणित होतं. भिंतीवरची डबी कुणीही बनवेल. कुठला बाक लाल, हे सांगणारं टोपण त्यांचंच होतं. बस्तीजवळ मला उतरवताना तो म्हणाला, “आत्या, प्रात्यक्षिक कसं करायचं ठरवलंस? पोरं तर बसवायची नाहीत म्हणतेस.”

“शिक्षक बसवू,” मी म्हटलं.

तो बघतच राहिला. मग त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

निमंत्रणाच्या संदेशात मी एक ओळ वाढवली. नाष्ट्याची सोय परिषदेत आहे, कृपया सकाळी काही न खाता यावे. पाहुण्याच्या खाण्यात आडवं येणं आमच्यात मोठं पाप मानतात. त्याला अंतराय म्हणतात. ती ओळ लिहिताना माझा हात अडला. म्हणून आचाऱ्याला सांगून ठेवलं, की उप्पीट वेळेवर तयार पाहिजे, आणि मांडवात वास आला तर येऊ दे. पाचच मिनिटं उशीर होईल, जास्त नाही. सकाळी दर्शनाच्या वेळी देवालाही तेवढंच सांगितलं.

शनिवारी मंगल कार्यालयापुढचा मांडव भरून गेला. पाच तालुक्यांच्या गाड्या, फेट्यांवरून वाद, माइकची खरखर, आणि नाष्टा कुठाय म्हणून पहिल्या मिनिटापासून चौकशा. साहेब आले, मी त्यांना पुढच्या बाकावर बसवलं आणि म्हटलं की आधी यंत्र बघू, मग आपलं मार्गदर्शन. ते बसले. चाळीस बाकांवर शिक्षक बसले, बाकीचे मागं उभे राहिले. मुल्ला सर कुणाला तरी सांगत होते की पोटात कावळे ओरडत असतील तर ओरडू द्या, आज त्यांचंच भाषण आहे.

सन्मतीनं यंत्र चालू केलं. हवा स्थिरावायला थोडा वेळ लागतो. मग एका कडेनं दिवे लागायला सुरुवात झाली. लाल, हिरवा, लाल, लाल. सगळे लाल नव्हते. लांबून आलेले, पहाटे निघालेले बहुतेक लाल. शेजारच्या तालुक्यातले दोन गुरुजी एकाच बाकावर बसले होते, त्यांचा दिवा हिरवा. त्यांच्याच गाडीतून आलेल्या बाई उठून म्हणाल्या, की हे दोघं वाटेत गाडी थांबवून मिसळ खाऊन आलेत आणि आम्हाला टायर बघतोय म्हणाले. सगळा मांडव हसला. ते दोघं टोपणावर हात ठेवून बसले.

साहेबांचा दिवा हिरवा होता. त्यांच्या शेजारच्या बाकावर फाईल धरून बसलेल्या लिपिकाचा लाल.

मी माइक हातात घेतला. ठरावाचा मसुदा उघडला आणि जसा होता तसा वाचला. ज्यांचा दिवा लाल असेल त्यांना परिपाठानंतर घरी पाठवण्यात यावे. दोन दिवस आरोग्य रजा. त्या दिवशीच्या आहाराचा प्रश्न उद्भवत नाही.

“तर लाल बाकावरच्यांनी उठावं,” मी म्हटलं. “नाष्टा न करता.”

आधी हशा पिकला. आतून उप्पिटाच्या फोडणीचा वास येत होता. कुणीतरी म्हणालं, मॅडम, आम्ही आजारी नाही. दुसरं कुणी म्हणालं, नुसती भूक लागलीय. ते म्हटलं गेलं आणि हसू थांबलं. मागच्या रांगेतही कुणी आवाजाची तक्रार केली नाही. आपापल्या वर्गातला कुठला ना कुठला बाक प्रत्येकाला आठवत असावा. मी कुणाचं नाव घेतलं नाही, घ्यावं लागलं नाही.

सन्मती माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या हातून माइक घेतला.

“हे यंत्र तापाचं नाही,” तो म्हणाला. “आमचा अंदाज चुकला. हे भूक मोजतं. कंपनीनं मला हे आज बोलू नकोस सांगितलं होतं, म्हणून हे मी माझ्या जबाबदारीवर बोलतोय.”

मग त्यानं यकृत, साखर, चरबी सगळं समजावलं. करोलवाडीच्या फळ्यावर समजावलं होतं त्याहून छान. शेवटी म्हणाला, की बाकावरची टोपणं कुणीही लावू नयेत. पोराला एकटं पाडणारं यंत्र त्याला नको आहे. वर्गाला एक डबी पुरे. वर्गात भूक आहे एवढं ती सांगेल, आणि सगळ्यांना खायला दिल्यावर ती गेली का तेही सांगेल. कुणाची, हे विचारायचं कारणच नाही.

साहेब आपल्या हिरव्या टोपणाकडं बघत म्हणाले, “मी विश्रामगृहावर खाऊन आलो. तुमचा संदेश मला कुणी दाखवला नाही.” आणि लिपिकाकडं वळून, “तुम्ही का नाही खाल्लं?” लिपिक म्हणाला, साहेब, तुमची फाईल तयार करत होतो. पुन्हा हशा झाला, पण यावेळी साहेबही त्यात होते.

मी उप्पीट वाढायला सांगितलं. माझं एकाशन होतं, मी वाढत फिरले. ताटं हातात घेऊनच परिषद पुढं चालली, आणि अशी परिषद मी पाहिली नाही. साहेब म्हणत होते की सकाळच्या खाण्याला मंजुरी कुठल्या कलमाखाली आणायची. ज्यांचे दिवे लाल होते ते एकाच वेळी बोलत होते. एका बाईंनी सुचवलं, परिपाठाच्या आधी गूळ-शेंगदाणे, सगळ्यांना, हेडमास्तरांसकट. कुणी म्हणालं, बागांच्या गाड्या गावात येतातच, मालकांना खाण्याच्या खर्चात वाटा उचलायला सांगू, आम्ही ओळखतो त्यांना. मिसळवाल्या गुरुजींनी उभं राहून आपल्या शाळेची जबाबदारी सोमवारपासूनच घेतली. त्याला फार टाळ्या पडल्या. दुपारच्या सत्रापर्यंत मांडवातले दिवे एकामागून एक हिरवे होत होते, आणि प्रत्येक दिव्याला लोक माना वळवून बघत होते. मी दुपारी माझ्या ठरल्या वेळी जेवले. त्यानंतर बाकावर बसले तेव्हा माझाही दिवा हिरवा झाला.

जुना ठराव मागं पडला. नवा लिहिला गेला. लाल दिव्यावरून कुणाला घरी पाठवायचं नाही. बाकावर टोपण नाही. परिपाठाआधी सगळ्यांना खाणं. मंजुरी येईपर्यंत थांबायचं नाही, हे वाक्य साहेबांनी स्वतः घातलं. त्यांचं भाषण शेवटी झालं आणि अगदी छोटं झालं.

मधल्या काळात सन्मतीचा फोन सारखा वाजत होता. त्यानं एकदा बाहेर जाऊन घेतला. परत आला तेव्हा काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. सोमवारी पुण्याला बोलावलंय, एवढंच म्हणाला. मी त्याच्या ताटात आणखी एक वाटी उप्पीट वाढलं. त्यानं ते सगळं खाल्लं.

उन्हं कलली तेव्हा समारोप चालू होता. साहेबांना शाल-श्रीफळ झालं, आचाऱ्यालाही झालं. मग सूत्रसंचालन करणाऱ्या मुल्ला सरांनी सन्मती चौगुले यांचं नाव पुकारलं. फोटोसाठी लोक आधीच उभे होते. नाव दुसऱ्यांदा पुकारलं. लोक इकडंतिकडं बघायला लागले.

मी मांडवाच्या कडेला उभी होते. बाहेर, गाड्यांच्या रांगेच्या पलीकडं, तो माझी स्कूटर स्टँडवरून काढत होता. शर्टाच्या खिशातून स्क्रूड्रायव्हरची पिवळी मूठ वर आली होती. त्यानं स्कूटर चालू केली नाही. हातानं ढकलत फाटकापर्यंत नेली, रस्त्यावर घेतली, आणि मगच तिच्यावर बसून करोलवाडीच्या दिशेला वळला.

मुल्ला सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पुढचं नाव पुकारलं.